लाइट गेल्यावर मायएसक्यूएल सुरू होत नाही: आधी डेटा वाचवा, सर्व्हर नंतर

प्रश्न थोडक्यात असा. एका शिकवणी वर्गाच्या डेस्कटॉपवर झॅम्प (मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर आणि वेब सर्व्हर एकत्र देणारं पॅकेज) बसवलेलं आहे आणि त्यावर फीची नोंद ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर चालतं. संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसनेही दगा दिला आणि संगणक धाडकन बंद पडला. तेव्हापासून कंट्रोल पॅनेलमध्ये मायएसक्यूएलचं ‘स्टार्ट’ दाबलं की नाव क्षणभर हिरवं होतं आणि लगेच लाल अक्षरांत ‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ येतं. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ ही फाइल डिलीट करावी का, असं विचारलं आहे.

नाही. त्या फाइलीला हात लावू नका. ती डिलीट केली की सर्व्हर बहुतेक वेळा सुरू होतो हे खरं आहे, आणि म्हणूनच तो व्हिडिओ लोकांना पटतो. पण सुरू झालेल्या सर्व्हरमध्ये तुमचे टेबल उघडत नाहीत. सर्व्हर चालू करणं आणि डेटा वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सर्व्हर कधीही नव्याने बसवता येतो. विद्यार्थ्यांनी भरलेल्या फीच्या नोंदी मात्र या एका फोल्डरातच आहेत, म्हणून प्रत्येक पाऊल टाकताना आधी त्यांचा विचार करा.

पहिलं काम, आत्ताच्या आत्ता. ‘स्टार्ट’ पुन्हा पुन्हा दाबणं थांबवा. टास्क मॅनेजर उघडून ‘डिटेल्स’मध्ये मायएसक्यूएलडी नावाची प्रोसेस (हाच तो सर्व्हर) चालू नाही ना ते बघा. मग सी ड्राइव्हवरच्या झॅम्प फोल्डरात जा. तिथल्या मायएसक्यूएल फोल्डरात ‘डेटा’ नावाचं फोल्डर आहे, ते आख्खं दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा. फक्त तुमच्या डेटाबेसच्या नावाचं फोल्डर घेऊन भागत नाही, सगळं हवं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची साइज आणि फाइलींची संख्या जुळते का बघा. कॉपी होताना एखाद्या फाइलीवर ‘वाचता येत नाही’ अशी एरर आली तर तिथेच थांबा. तो डिस्कचा आजार आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. ही कॉपी मूळ प्रत म्हणून बाजूला ठेवायची आणि तिच्यावर कसलाही प्रयोग करायचा नाही.

आख्खं फोल्डर का, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. झॅम्पच्या पॅनेलवर नाव मायएसक्यूएल असलं तरी २०१५ पासून त्यात मरियाडीबी (मायएसक्यूएलपासूनच निघालेला सर्व्हर) येतो, आणि सध्याच्या झॅम्पमध्ये १०.४ या मालिकेतला आहे. तुमचे टेबल इनोडीबी या इंजिनात, म्हणजे नोंदी डिस्कवर लिहिणाऱ्या भागात असतात. इनोडीबीचं काम जुन्या दुकानदाराच्या हिशेबासारखं चालतं: व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद आणि सवडीने खतावणी. रोजकीर्द म्हणजे आयबी लॉगफाइल० आणि आयबी लॉगफाइल१ या दोन फाइली. खतावणी म्हणजे प्रत्येक टेबलाची आयबीडी फाइल. आणि आयबीडेटा१ मध्ये कोणतं टेबल कोणत्या फाइलीत आहे याची सूची, अर्धवट राहिलेले व्यवहार मागे फिरवण्याची माहिती आणि डबलराइट बफर असतो. अचानक वीज गेली तर काही नोंदी रोजकीर्दीत पोचलेल्या असतात, खतावणीत नसतात. पुढच्या वेळी सुरू होताना इनोडीबी रोजकीर्द वाचून राहिलेली खतावणी स्वतःच पुरी करतो. यातली एक वही फेकली किंवा दुसरीकडून आणून ठेवली की त्या एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून या सगळ्या फाइली नेहमी एकत्र, एकाच क्षणाच्या हव्यात.

वीज जाणं हा प्रकार इनोडीबीने गृहीत धरलेला आहे, हेही सांगतो. त्याचं एक पान १६ केबीचं असतं, डिस्क मात्र ५१२ बाइट किंवा ४ केबीच्या तुकड्यांनी लिहिते. त्यामुळे पान अर्धं लिहून झालेलं असताना वीज जाऊ शकते. यासाठीच प्रत्येक पान आधी डबलराइट बफरमध्ये आणि मग मूळ जागी लिहिलं जातं. म्हणजे निरोगी संगणकावर वीज गेल्यामुळे सर्व्हर कायमचा बंद पडायला नको. तो पडला असेल तर आणखी काहीतरी बिघडलं आहे, किंवा बिघाड इनोडीबीत नाहीच. ते कळायला लॉग वाचावा लागतो.

पॅनेलवरच्या लाल संदेशात पोर्ट अडलेला, परवानगी नाही, क्रॅश अशी कारणं लिहिलेली असतात, पण तो मजकूर ठरीव आहे. कोणत्याही कारणाने प्रोसेस बंद झाली की तोच येतो. खरं कारण ‘मायएसक्यूएल एरर’ नावाच्या लॉग फाइलीत असतं. ती डेटा फोल्डरातच असते आणि पॅनेलवर मायएसक्यूएलच्या ओळीतल्या ‘लॉग्ज’ बटणातूनही उघडते. नोटपॅडमध्ये उघडून अगदी तळाशी जा आणि तारीख-वेळ बघत वर या. तुम्ही शेवटचं ‘स्टार्ट’ दाबलं ती वेळ जिथे सुरू होते, तिथून खाली वाचा. ओळींवर नोट, वॉर्निंग किंवा एरर असा शिक्का असतो. या टप्प्यातली पहिली एरर महत्त्वाची. बहुतेक जण सगळ्यात शेवटची ओळ शोधायला जातात. तिथे ‘अ‍ॅबॉर्टिंग’ लिहिलेलं असतं, त्याच्या वर ‘अननोन स्टोरेज इंजिन इनोडीबी’ किंवा ‘प्लगइन इनोडीबी इनिट फंक्शन रिटर्न्ड एरर’ असं असतं. हे सगळे परिणाम आहेत. त्यांच्यावर उपाय शोधत बसलात तर भलत्याच गोष्टीची दुरुस्ती होते.

लॉगमध्ये शेवटच्या वेळेच्या नव्या ओळीच नसतील, तर सर्व्हर लॉग लिहिण्यापर्यंतही पोचलेला नाही. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट उघडा, झॅम्पच्या मायएसक्यूएल फोल्डरातल्या ‘बिन’मध्ये जा आणि मायएसक्यूएलडी ‘कन्सोल’ हा पर्याय देऊन चालवा. मग जे काही असेल ते थेट पडद्यावर दिसतं: एखादी डीएलएल फाइल सापडत नाही किंवा माय डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल वाचता येत नाही, असं काहीतरी. एखाद्याने हल्लीच सेटिंग बदललं असेल तर आधी तेच बघा.

आता लॉगमध्ये काय दिसतं त्यावरून रस्ते फुटतात.

सगळ्यात निरुपद्रवी प्रकार पोर्टचा. ‘बाइंड ऑन टीसीपी आयपी पोर्ट’ अशी एरर असेल तर ३३०६ हा पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलचा जोडणी क्रमांक, दुसऱ्या प्रोग्रामने धरलेला आहे. कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट ही कमांड ए, एन, ओ या पर्यायांसह चालवा. ३३०६ समोरचा प्रोसेस क्रमांक घ्या आणि टास्क मॅनेजरमध्ये तो कोणाचा ते बघा. बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी वेगळा मायएसक्यूएल बसवलेला असतो आणि तो विंडोजच्या सर्व्हिसमधून आपोआप सुरू होतो. एरवी झॅम्प आधी सुरू होत असेल, संगणक रीस्टार्ट झाल्यावर नंबर उलटा लागला. त्या सर्व्हिसची गरज नसेल तर ती थांबवून ‘मॅन्युअल’ करा. पण आधी खात्री करा, तुमचा खरा डेटा त्या दुसऱ्या सर्व्हरमध्ये तर नाही ना. अशा वेळी रिकामं डेटाबेस दिसलं की माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि डेटा शेजारीच सुखरूप असतो.

‘ऑपरेटिंग सिस्टम एरर नंबर ३२’ दिसला तर फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेली आहे. इनोडीबी लॉगमध्ये स्वतःच सांगतो की बॅकअप किंवा अँटीव्हायरस असू शकतो. क्लाउडवर फाइली सिंक करणारा प्रोग्राम हेही नेहमीचं कारण. मागच्या वेळचा मायएसक्यूएलडी अजून पार्श्वभूमीला चालू असेल तरी हेच होतं. नंबर ५ असेल तर परवानगीचा प्रश्न आहे: फोल्डर दुसऱ्या युजरने कॉपी करून आणलंय किंवा झॅम्प प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलंय. नंबर ११२ म्हणजे डिस्क भरली. सी ड्राइव्हवर जागा मोकळी करा, पण डेटा फोल्डरातून काही काढून नव्हे. या तिन्हींमध्ये तुमचा डेटा बहुधा धडधाकट असतो. अडथळा काढला की काम झालं.

तुमच्या वर्णनावरून मला सगळ्यात जास्त शंका आहे ती आरियाची. मरियाडीबीत इनोडीबीशिवाय आरिया नावाचं आणखी एक इंजिन आहे आणि युजर-परवानग्यांचे सिस्टम टेबल त्यात असतात. ते ‘मायएसक्यूएल’ याच नावाच्या फोल्डरात, डेटा फोल्डराच्या आत असतात. वीज गेल्यावर झॅम्पमध्ये हेच टेबल फार वेळा बिघडतात. लॉगमध्ये ‘आरिया रिकव्हरी फेल्ड’ असं येतं, किंवा ‘फेटल एरर, कान्ट ओपन अँड लॉक प्रिव्हिलेज टेबल्स’ आणि पुढे ‘डीबी’ या टेबलाचं नाव. तुमच्या फीच्या नोंदींना धक्काही लागलेला नसतो, पण सर्व्हर दारातच अडतो. इथे आयबीडेटा१ उडवणं म्हणजे निरोगी अवयव कापणं आहे.

उपाय लॉगच सांगतो. ‘बिन’मध्ये आरिया चेक नावाचं साधन आहे. सर्व्हर बंद असताना त्याला दुरुस्तीचा ‘आर’ पर्याय देऊन, सिस्टम फोल्डरातल्या एमएआय या विस्ताराच्या सर्व फाइलींवर चालवायचं. मग डेटा फोल्डरातली ‘आरिया लॉग कंट्रोल’ आणि तिच्या शेजारची आकड्यांच्या शेपटीची ‘आरिया लॉग’ या फाइली डिलीट न करता दुसरीकडे हलवायच्या आणि सर्व्हर सुरू करायचा. सर्व्हर त्या नव्याने बनवतो. एवढ्यानेही एखादं टेबल दुरुस्त झालं नाही, समजा ‘डीबी’, तर झॅम्पच्या मायएसक्यूएल फोल्डरातलं ‘बॅकअप’ उघडा. त्यात नवं कोरं डेटा फोल्डर ठेवलेलं असतं. तिथून त्या एकाच टेबलाच्या एफआरएम, एमएडी आणि एमएआय या तीन फाइली आणा. त्या टेबलात कोणत्या युजरला कोणत्या डेटाबेसवर हक्क आहे एवढंच असतं, ते परत देता येतं.

त्याच ‘बॅकअप’ फोल्डरवरून एक उपाय सगळीकडे सांगितला जातो. डेटाचं नाव बदला, बॅकअपची कॉपी करून तिला डेटा नाव द्या, मग जुन्यातून आपले डेटाबेस आणि आयबीडेटा१ आणून टाका. हा उपाय आयबीडेटा१ उडवण्यापेक्षा कितीतरी बरा, आणि बऱ्याच जणांचं काम त्याने झालेलं आहे. पण त्यात दोन लॉगफाइली नव्या येतात आणि बाकी सगळं जुनं राहतं. रोजकीर्दीतल्या ज्या नोंदी खतावणीत गेल्या नव्हत्या त्या कायमच्या गेल्या. शिवाय लॉगमध्ये पानांचे क्रमांक ‘इन द फ्यूचर’ असल्याच्या वॉर्निंग येऊ लागतात, कारण पानं लॉगच्या पुढे गेलेली दिसतात. सर्व्हर चालतो, लोक निर्धास्त होतात, आणि पुढच्या झटक्याला तो उठत नाही. हा उपाय करायचाच असेल तर दोन्ही लॉगफाइलीही जुन्याच आणा. सुरू झाल्यावर लगेच डंप (सगळ्या नोंदी एसक्यूएल मजकुराच्या फाइलीत) काढा आणि पुढे सांगितल्याप्रमाणे नव्या फोल्डरात भरा.

खरा इनोडीबीचा बिघाड असेल तर लॉगमध्ये ‘डेटाबेस पेज करप्शन ऑन डिस्क’ किंवा चेकसम (पान शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) जुळत नसल्याचं लिहिलेलं असतं, नाहीतर ‘असर्शन फेल्युअर’ आणि खाली आकड्यांची लांबच लांब रांग. आता फोर्स रिकव्हरी. माय डॉट आयएनआयमध्ये मायएसक्यूएलडीच्या चौकटी कंसाखाली ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ ही एक ओळ टाकायची, तीन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, पुढे बरोबरचं चिन्ह आणि १. सर्व्हर सुरू करून बघायचा. नाही झाला तर २, मग ३. एकदम ६ टाकू नका. १ ला बिघडलेली पानं दिसली तरी सर्व्हर पुढे जातो, २ ला मागची साफसफाई थांबते, ३ ला अर्धवट व्यवहार मागे फिरवले जात नाहीत. इथपर्यंत डेटाला फारसा धोका नाही. ४ पासून पुढे फाइलींचं कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि ६ ला रोजकीर्द वाचलीच जात नाही. म्हणून ४ किंवा त्याच्या वर जायचंच असेल तर मूळ प्रत बाजूला आहे ना हे पुन्हा बघून, आणि फक्त कॉपीवर.

या अवस्थेत सुरू झालेला सर्व्हर रोजच्या कामासाठी नसतो. सॉफ्टवेअर उघडून ‘चालतंय की’ म्हणून पावत्या करायला बसू नका. एकच काम करा: डंप. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्स्पोर्ट मोठ्या डेटाबेसला मध्येच तुटतो, म्हणून ‘बिन’मधला मायएसक्यूएलडंप वापरा. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बाणाचं चिन्ह वापरून डंप फाइलीत वळवला तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि परत भरताना सर्व्हर ती घेत नाही. डंपला ‘रिझल्ट फाइल’ हा पर्याय द्या, किंवा साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा. डंप झाल्यावर फाइलीची शेवटची ओळ बघा. तिथे ‘डंप कम्प्लीटेड ऑन’ आणि तारीख असेल तरच तो पूर्ण आहे. फाइल मोठी दिसतेय म्हणून पूर्ण असेल असं समजू नका. मध्येच तुटलेल्या डंपचीही साइज मोठीच असते.

डंप एखाद्या टेबलावर येऊन पडत असेल तर ते टेबल ‘इग्नोर टेबल’ने वगळा आणि आधी बाकी सगळं सुरक्षित काढा. मग त्या आडलेल्या टेबलाकडे वळा. समजा ते पावत्यांचं आहे आणि त्यात पावती क्रमांक ही प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आहे. ‘व्हेअर’ची अट घालून सुरुवातीपासून तुकड्या-तुकड्याने नोंदी काढा. कुठेतरी सर्व्हर पुन्हा कोसळेल. तो क्रमांक लिहून ठेवा आणि आता उलट्या बाजूने, शेवटच्या पावतीपासून मागे या. बिघडलेलं पान मधे अडकतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी हातात येतात. एका पानात १६ केबी म्हणजे अशा छोट्या नोंदी शंभरच्या आसपास किंवा जास्त, तेवढंच नुकसान. हे काम कंटाळवाणं आहे, दर वेळी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. पण आख्खं टेबल गेलं असं मानून सोडून दिलेल्या ठिकाणी यानेच बहुतेक नोंदी परत मिळतात.

डंप हातात आला की फोर्स रिकव्हरीची ओळ काढून टाका. बिघडलेल्या डेटा फोल्डराचं नाव बदला, ‘बॅकअप’च्या कॉपीला डेटा नाव द्या, सर्व्हर सुरू करा, रिकामं डेटाबेस बनवा आणि मायएसक्यूएल क्लायंटच्या ‘सोर्स’ कमांडने डंप भरा. बिघडलेल्या फाइलींवरच पुढे काम करत राहू नका, आत्ता चालल्या तरी. सॉफ्टवेअर रूट या मुख्य युजरशिवाय दुसऱ्या युजरने जोडत असेल तर तो युजर पुन्हा बनवावा लागेल.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आयबीडेटा१ आधीच उडवली असेल, तर त्यांनाही मार्ग आहे. रिसायकल बिन बघा. ती फाइल लॉगफाइलींसकट परत मिळाली तर नव्याने बनलेल्या फाइली बाजूला करून जुनी जागच्या जागी ठेवा. नाही मिळाली तर १९३२ नंबरची एरर येते, ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन’. नाव दिसतं पण उघडत नाही. तुमच्या आयबीडी फाइली मात्र फोल्डरात आहेत आणि नोंदी त्यांच्यातच आहेत. दुसऱ्या कोऱ्या सर्व्हरवर त्याच रचनेचं रिकामं टेबल बनवा (रचना सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या एसक्यूएल फाइलीत मिळते), त्याला ‘डिस्कार्ड टेबलस्पेस’ द्या, जुनी आयबीडी तिथे कॉपी करा आणि ‘इम्पोर्ट टेबलस्पेस’ म्हणा. रचना आणि रो फॉरमॅट तंतोतंत जुळायला हवेत. एकेका टेबलासाठी हे करायचं. वेळखाऊ आहे, पण होतं.

झॅम्प नसून मायएसक्यूएल ८ स्वतंत्र बसवलेला असेल तर वरचं बरंचसं बदलतं. तिथे डेटा सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटा या लपलेल्या फोल्डरात असतो, एफआरएम फाइली नसतात, आरिया नसतो आणि कोरं ‘बॅकअप’ फोल्डरही नसतं. लॉग आधी, मूळ प्रत आधी, फोर्स रिकव्हरी १ पासून वर, हा क्रम तोच.

आता, हे मुळात का झालं ते बघू. तुमच्याकडे वीज गेली म्हणून, असं उत्तर वरवर बरोबर आहे. पण वीज अनेकांची जाते. एका दुकानात रोज सकाळी सर्व्हर रडायचा. लाइट जाण्याचा तिथे त्रास नव्हता. लॉगमध्ये रोज ‘स्टार्टिंग क्रॅश रिकव्हरी’ची नोंद होती, आणि त्याच्या आधी, आदल्या रात्रीची ‘शटडाउन कम्प्लीट’ ही ओळ कुठेच नव्हती. सर्व्हर नीट बंद झाला की तो ही ओळ लिहितो. रात्री दुकान बंद करताना शेवटचा माणूस मेन स्विच पाडून शटर ओढत होता, संगणक चालू असतानाच. तुमच्या लॉगमध्येही मागच्या महिन्याभराच्या तारखा चाळा. ‘शटडाउन कम्प्लीट’ क्वचितच दिसत असेल तर हा अपघात एका संध्याकाळचा नाही.

झॅम्पच्या पॅनेलवरून सुरू केलेला मायएसक्यूएल साधा प्रोग्राम म्हणून चालतो, त्यामुळे विंडोज बंद करताना तो नीट आवरायची वाट पाहिली जाईलच असं नाही. पॅनेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि मायएसक्यूएलच्या डावीकडच्या सर्व्हिसच्या खुणेवर क्लिक करून त्याला विंडोजची सर्व्हिस बनवा, म्हणजे शटडाउनच्या वेळी विंडोज त्याला थांबायला सांगतं. तोवर आधी ‘स्टॉप’ आणि मग शटडाउन, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी जागा डिव्हाइस मॅनेजर. डिस्कच्या ‘पॉलिसीज’मध्ये राइट कॅशबद्दल दोन खुणा असतात. खालची, ‘बफर फ्लशिंग बंद करा’ अशा अर्थाची, कोणी वेगाच्या नादाने टिक केली असेल तर काढा. ती टिक असली की इनोडीबीने ‘लिहिलं का?’ विचारल्यावर उत्तर ‘हो’ येतं, आणि डेटा मात्र अजून डिस्कच्या कॅशमध्येच असतो. मग रोजकीर्द आणि डबलराइट दोन्ही असून उपयोग होत नाही.

मग डिस्क आणि रॅम. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमचा लॉग उघडा. ‘कर्नल पॉवर ४१’ म्हणजे संगणक नीट बंद न होता गेला, ते तुम्हाला माहीतच आहे. ‘डिस्क’ या नावाखाली ७ नंबरचा इव्हेंट असेल तर डिस्कवर बॅड ब्लॉक आहे. ती डिस्क बदलायची, चर्चा नको. तिच्यावर चेकडिस्क चालवण्याआधीही डेटा बाहेर काढा, मरणाऱ्या डिस्कला दुरुस्तीचा ताण सोसत नाही. आणि दर वेळी वेगळ्याच टेबलाचं पान बिघडत असेल, डिस्क मात्र स्वच्छ दिसत असेल, तर रॅम तपासा. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक रात्रभर लावून ठेवा. खराब रॅमवर केलेली डेटाबेसची दुरुस्ती टिकत नाही.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दम सोडते, दिवा हिरवा असला तरी. आठवड्यातल्या कमी गर्दीच्या वेळी सर्व्हर थांबवून प्लग काढून बघा, संगणक किती वेळ तग धरतो ते कळेल. तो वेळ नीट शटडाउन करण्याइतकाही नसेल तर बॅटरी बदला.

बॅकअपसाठी टास्क शेड्युलरमध्ये रोजचा डंप लावा आणि सिंक करायचा तर तो डंप असलेलं फोल्डर क्लाउडवर सिंक करा. चालू डेटा फोल्डर कधीही नाही, नाहीतर ३२ नंबरची एरर तुमच्याच हाताने ओढवून घ्याल. अँटीव्हायरसमध्ये डेटा फोल्डर अपवाद म्हणून घाला. महिन्यातून एकदा त्यातला एखादा डंप दुसऱ्या संगणकावर भरून बघा. झॅम्प हे मुळात सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, रोजच्या व्यवहारासाठी नाही, असं ते बनवणारेच सांगतात. त्यातल्या मरियाडीबी १०.४ चे अपडेट जून २०२४ मध्ये थांबले. सवड झाली की सॉफ्टवेअरवाल्याला सांगून स्वतंत्र, चालू आवृत्तीच्या मरियाडीबीवर जा.

सर्व्हर उठल्यावर लगेच नवीन पावत्या सुरू करू नका. हाताने दिलेलं पावतीपुस्तक किंवा बँकेची जमा यादी घ्या आणि त्या संध्याकाळच्या शेवटच्या पावत्या डेटाबेसमध्ये आल्या आहेत का ते एकेक करून जुळवा. मराठी नावं नीट दिसतात ना, प्रश्नचिन्हं तर नाहीत ना, हेही दोन-चार विद्यार्थ्यांवर बघा. काही राहिलं असेल तर ते त्याच क्रमांकाने आधी भरा. नव्या पावतीला तोच क्रमांक गेला की जुनी आणि नवी नोंद वेगळी काढणं फार अवघड होतं.